वाटेवरचा दिवा आणि पाऊस

घरांतला दिवा व वाटेवरचा दिवा ह्यांची जात एकच असली तरी त्यांचें नशीब एक नाहीं. घरांतल्या दिव्याला फार तर वाऱ्याची झुळूक सोसावी लागते. कोनाडा, देव्हारा किंवा माजघराची भिंत त्याचें रक्षण करते. वाटेवरच्या दिव्याला मात्र वारा, धूळ, हिसके आणि ह्या सर्वांहून अवघड असा पाऊस, इतक्यांशीं झुंजावें लागतें. प्रवासाचा इतिहास सांगतांना लोक रस्त्यांविषयीं बोलतात, वाहनांविषयीं बोलतात, पुलांविषयीं बोलतात. पण त्या वाहनाच्या पुढें जो दिवा जळत असतो त्यांत पाणी शिरूं नये म्हणून माणसानें काय काय केलें, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः ही हकीकत मोठी बोधप्रद आहे. तिच्यांतून पदोपदीं एकच गोष्ट प्रत्ययास येते. ती अशी कीं, पाणी बाहेर ठेवावयाचें असेल तर हवेला जाण्यायेण्याची रीतसर वाट ठेवावी लागते. साधा कंदील करणाऱ्या कारागिराला हें ठाऊक होतें. मध्यंतरीं आपण तें विसरलों. आणि आज मोटारीच्या दिव्याच्या निमित्तानें तोच धडा पुन्हां गिरवीत आहों.

वऱ्हाडांत, वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत, पोहरादेवी नांवाचें गांव आहे. बंजारा समाज ह्या गांवाला आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराज (१७३९–१८०६) ह्यांची समाधि व जगदंबेचें मंदिर येथें असून रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रांतूनच नव्हे, तर कर्नाटक, तेलंगण, आंध्र इत्यादि प्रांतांतूनहि भाविक येतात. ज्या समाजाचें आयुष्य पिढ्यानपिढ्या वाटेवर गेलें, त्याच्या तीर्थापासून वाटेवरच्या दिव्याची कथा आरंभावी हें उचितच होय.

रेल्वे होण्यापूर्वीं ह्या देशांतील धान्य आणि मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून फिरत असे. लमाण हें त्यांचें नांव लवण ह्या शब्दावरून आलें असें मानतात. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत फिरलेला फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए ह्यानें दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. एवढा मोठा तांडा रस्त्यास लागला म्हणजे समोरून येणाऱ्या वाटसरूला तो संपेपर्यंत खोळंबून राहावें लागे. ह्या लदेणीच्या बैलाला चाकें नव्हतीं, म्हणून दिव्याचीहि गरज नव्हती. दिवस मावळला कीं गोणी उतरून त्यांची रास रचावी, मध्यें शेकोट्या पेटवाव्या, आणि फारच निकड पडली तर मशाल घेऊन निघावें, असा क्रम असे. मशाल म्हणजे तेलांत भिजविलेल्या चिंध्यांचा पलिता. तेल पाण्याला जवळ करीत नाहीं, त्यामुळें भुरभुर पावसांत मशाल तग धरी. परंतु आषाढांतल्या सरींपुढें तिचें कांहीं चालत नसे. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यांत अशी चिकट होते कीं, माणसाचा पायहि उचलत नाहीं. म्हणून तांडे पावसाळाभर एके ठिकाणीं मुक्काम करीत. दिव्यांत पाणी जाऊं नये ह्याचा सर्वांत जुना उपाय हाच, कीं पावसांत दिवा घेऊन बाहेर पडूंच नये. तो उपाय खात्रीचा होता. पण जग त्यावर फार दिवस थांबून राहणारें नव्हतें.

मुंबईहून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला. त्याच्या थोडें आधीं, १८६१ ते १८६५ ह्या काळांत, अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यानें विलायतेस तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता व वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ह्या दोन गोष्टींनीं वऱ्हाडचे रस्ते पालटून टाकिले. बैलांच्या पाठीवरची लदेणी मागें पडली. बंजाऱ्यांचा पिढीजात धंदा बुडाला. आणि कापसाच्या बंड्यांच्या रांगा बाजारपेठांकडे व स्टेशनांकडे चालूं लागल्या. उन्हाचा ताप चुकावा म्हणून आणि सकाळच्या बाजाराला वेळेवर पोंचावें म्हणून ह्या बंड्या रात्रीं चालत. रात्र, चाकें आणि एकामागून एक जाणारीं वाहनें हीं तिन्ही एकत्र आलीं, तेव्हां वाहनाला दिवा हवा झाला.

बंडीचा हा दिवा पुढें नसे. कंदील टांगलेला असे तो साट्याखालीं, आसाजवळ. ही जागा ज्या कोणा अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या गाडीवानानें शोधून काढली, त्याच्या चातुर्याचें कौतुक केलें पाहिजे. वरून साट्याचें छप्पर मिळालें. दोन्ही अंगांस चाकांचा आडोसा मिळाला. चाकोरी व बैलांचे पाय उजेडांत आले. मागून येणाऱ्याला पुढें गाडी आहे हें कळूं लागलें. आणि गाडीवानाच्या स्वतःच्या डोळ्यांवर उजेड येत नसल्यामुळें त्याला पुढचा अंधार निरखतां येऊं लागला. गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल वाट सोडीत नसत व कंदील आपलें काम करीत राही. पाऊस थेट अंगावर न येईल अशी जागा निवडणें, हा इतिहासांतला दुसरा उपाय होय.

परंतु जागा कितीहि चांगली असली तरी वारा तेथें येतोच, आणि वाऱ्याबरोबर पावसाचें तुषारहि येतात. म्हणून कंदिलाच्या रचनेकडेच वळलें पाहिजे. आपण ज्याला वादळी कंदील म्हणतों, त्याची दोन बाजूंच्या नळ्यांची घडण अमेरिकेंत जॉन आयर्विन नांवाच्या गृहस्थानें गेल्याच्या मागच्या शतकांत, १८६० नंतरच्या सुमारास सिद्ध केली, व न्यूयॉर्कच्या डिएट्झ कारखान्यानें ती जगभर पोंचविली. ज्योतीला हवा तर पाहिजेच. हवा कोंडली कीं ज्योत गुदमरते. पण हवेसाठीं खालीं भोंक ठेवावें तर त्याच वाटेनें वारा व पाणी शिरून ज्योत विझावयाची. आयर्विननें युक्ति अशी योजिली कीं, ताजी हवा कंदिलाच्या डोक्याकडून घ्यावी, टोपणाच्या आडोशाखालून ती बाजूच्या दोन नळ्यांत सोडावी, आणि त्या नळ्यांतून ती खालीं बर्नरपर्यंत आणावी. जळून तापलेली हवा कांचेतून वर जाते व टोपणाखालून बाहेर पडते. हवा आंत येण्याची व बाहेर जाण्याची अशा दोन्ही वाटा डोक्यापाशींच असल्यामुळें वाऱ्याचा झोत आला तरी त्याचा दाब दोहोंवर सारखाच पडतो आणि ज्योत डळमळत नाहीं. पाणी मात्र जड असतें. तें टोपणावरून ओघळून खालीं पडतें. आडोशाखालीं वळून, पुन्हां वर चढून नळींत शिरणें त्याला साधत नाहीं. हवेला वळणाची वाट आणि पाण्याला उतार, एवढ्यांत सारें रहस्य आलें. कंदिलाचा कोणताहि भाग डिंकानें किंवा लाखेनें बंद केलेला नसतो, तरी तो धो-धो पावसांत जळतो.

एक शत्रु तरीहि उरला होता. ज्योतीनें तापलेल्या कांचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी तेवढीच जागा एकदम आंखडते व कांच तडकते. म्हणून कंदिलाची खरी परीक्षा त्याच्या कांचेंत असे. कांच ओतल्यावर ती भट्टींत सावकाश निववावी लागते. घाईनें निवविलेल्या कांचेच्या अंगांत ताण राहून जातो आणि तो पहिल्या पावसांत बाहेर पडतो. फार दिवस आपणांकडे अमेरिकन व जर्मन कंदिलांचीच चलती होती. १९१६ सालीं श्रीपाद प्रभाकर ओगले व त्यांच्या बंधूंनीं औंध संस्थानच्या हद्दींत, कऱ्हाडजवळ, कांचेचा कारखाना काढिला व त्या ठिकाणाला ओगलेवाडी हें नांव पडलें. तेथील प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत व गाडीगाडीखालीं पोंचला. स्वदेशी वस्तूच्या अभिमानाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतों. पण वऱ्हाडांतल्या शेतकऱ्यानें देशी कंदील घेतला तो पावसांत त्याची कांच टिकते कीं नाहीं हें पारखूनच घेतला असेल, हें विसरूं नये.

बैलाच्या चालीला हा कंदील पुरेसा होता, कारण बैलाला चार पावलांपुढचें दिसलें कीं भागतें. सायकल आणि मोटार आल्यावर दूरवरचें दिसणें आवश्यक झालें. मुंबईंत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. त्यांच्यापुढें तेलाचे दिवे असत, आणि लौकरच कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर करण्याची कृति १८९२ सालीं सांपडली होती. ह्या दिव्यांत दोन कप्पे असतात. खालच्या कप्प्यांत कार्बाइडचे खडे आणि वरच्यांत पाणी. पाणी थेंबथेंब खड्यांवर पडलें कीं ॲसिटिलीन वायु निघतो, तो पांढराशुभ्र जळतो, आणि मागें चुन्याचा लगदा राहतो. येथें मोठी मौज अशी कीं, ज्या पाण्याला दिव्याबाहेर ठेवण्यासाठीं माणसानें एवढी खटपट केली, तेंच ह्या दिव्याचें अर्धें अन्न होतें. पण तें मापानें पाहिजे. थेंबांची चाल बिघडली कीं दिवा भडके. पावसाचें पाणी खड्यांत शिरलें तर वायु अनावर होई. थंडीच्या देशांत पाणी गोठलें कीं दिवाच बंद. पाणी शत्रु आहे कीं मित्र, हें तें कोणत्या वाटेनें व किती येतें ह्यावर ठरतें, हा धडा सायकलवरून शिकवण्यांना जाणाऱ्या त्या काळच्या विद्यार्थ्यांना रोज मिळत असे. हात काळेपांढरे करून दिवा धुणें, लगदा काढणें आणि नळीचें बारीक तोंड तारेनें मोकळें करणें, हा त्यांचा सायंकाळचा नित्यनेम होता.

विजेचा दिवा मोटारीवर १८९८ सालींच एका अमेरिकन विजेच्या गाडीवर दिसला होता, पण त्याचा प्रसार झाला तो १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीला विजेनें सुरू होणारें यंत्र व विजेचे दिवे बसविल्यानंतर. आतां वाटेवरच्या दिव्याच्या इतिहासांत एक नवेंच पर्व उघडलें. ज्योतीला हवा लागते. विजेच्या तारेला ती लागत नाहीं, किंबहुना हवा लागली तर ती तार जळून जाते. साहजिकच असें वाटूं लागलें कीं, आतां हवेची वाट ठेवण्याचें कारणच उरलें नाहीं; दिवा चोहों बाजूंनीं बंद केला कीं पाण्याचा प्रश्न कायमचा सुटला.

अनुभव मात्र उलट आला. त्या वेळच्या दिव्यांत पुढें कांच, मागें चांदीचा मुलामा दिलेला पितळी परावर्तक, आणि दोहोंमध्यें बुचाची किंवा नमद्याची पट्टी असे. पट्टी कितीहि आवळली तरी आंत ओल येई. चांदी काळी पडे आणि दिव्याचा उजेड हळूहळू कमी होई. हा ऱ्हास इतक्या सावकाश होई कीं, हांकणाऱ्याला तो कळतहि नसे. उजेड कमी झाला ह्याऐवजीं आपले डोळे मंदावले, असेंच त्याला वाटे. ह्यावर अमेरिकेंत १९३९ सालीं उपाय निघाला व १९४० च्या गाड्यांपासून तो सर्रास झाला. परावर्तक कांचेचा, भिंग कांचेचें, दोन्हींचे कांठ वितळवून एकजीव केलेले, आंत तार, आणि हवेच्या जागीं निष्क्रिय वायु. असा दिवा म्हणजे एक मोठा बंद गोळाच होता. तार तुटली तर सबंध दिवा फेंकून नवा बसवावयाचा. हा दिवा खरोखरच पाण्याला दाद देत नसे. ह्यावरून हें मान्य केलें पाहिजे कीं, बंद करून काम साधतें; पण बंद करावयाचें तर असें पुरतें करावें लागतें. कांचेतून वाफहि पलीकडे जात नाहीं, आणि गोल जाड कांच आंतला दाब निमूटपणें सोसते.

पुढें युरोपांत दिवा तसाच ठेवून आंतला गोळा तेवढा बदलण्याची पद्धति रूढ झाली. अमेरिकेनेंहि १९८३ सालीं तिला परवानगी दिली. मग गाडीच्या तोंडवळ्याप्रमाणें दिव्याला लांबट, तिरके, वाटेल ते आकार देण्यांत येऊं लागले, आणि कांचेची जागा पॉलिकार्बोनेट नांवाच्या कठीण प्लॅस्टिकनें घेतली. हें प्लॅस्टिक हलकें असतें, दगड लागला तरी फुटत नाहीं. पण त्याच्या अंगांतून पाण्याची वाफ सावकाश झिरपूं शकते. शिवाय गोळा बदलण्यासाठीं मागें तोंड आलें, त्यावर रबरी टोपी आली, तारा जाण्यासाठीं भोंकें आलीं. म्हणजे बंद गोळ्याचें युग संपलें, आणि कंदिलाचा जुना प्रश्न मोटारीच्या पुढें नव्या वेषांत येऊन उभा राहिला.

हा प्रश्न नीट समजण्यासाठीं, मी शाळेंत मुलांना दाखवीत असें तो एक सोपा प्रयोग सांगतों. एक रिकामी बाटली घ्यावी. ती ऊन पाण्यांत धरून चांगली तापवावी व लगेच तिचें तोंड थंड पाण्याच्या परातींत उपडें बुडवावें. जसजशी बाटली निवते तसतसें परातींतलें पाणी आपोआप बाटलींत चढूं लागतें. कोणी तें ओतलेलें नसतें. आंतली हवा आंखडते आणि रिकामी झालेली जागा भरून काढण्यासाठीं पाणी ओढलें जातें. मोटारीचा दिवा म्हणजे हीच बाटली होय.

आंकड्यांनीं पाहूं. दिवा लावण्यापूर्वीं आंतल्या हवेचें उष्णतामान २७ अंश आहे व लावल्यावर तें ७७ अंशांवर गेलें, असें धरूं. शास्त्रीय मापानें हें ३०० वरून ३५० होतें, म्हणजे हवा एकषष्ठांशानें फुगते. दिवा पुरता बंद असेल तर ही फुगण्याची शक्ति भिंगावर दाब घालते. वीस सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद भिंगावर हा दाब सुमारें सत्तर किलो वजनाइतका भरतो. रोज रात्रीं एक धिप्पाड माणूस भिंगाला आंतून रेटीत असावा, तसें हें आहे. कडेचा डिंक किती दिवस टिकणार? आणि कोठें तरी बारीक चीर पडून फुगलेली हवा बाहेर गेली, कीं दिवा निवतांना तो तितकीच हवा आंत ओढूं पाहतो. अशा तापलेल्या दिव्यावर रपट्यावरचें थंड पाणी एकदम आपटलें, तर आंतली ओढ सुमारें दीड मीटर पाण्याच्या दाबाइतकी होऊं शकते. रस्त्यावर पाणी वीतभरच असतें, परंतु चिरेपाशीं तो दिवा जणूं दीड मीटर खोल डोहांत बुडविलेला असतो. पावसांत उभ्या असलेल्या गाडीच्या दिव्यांत पाणी शिरत नाहीं आणि एक ओढा ओलांडतांच शिरतें, ह्याचें मर्म येथें आहे.

म्हणून आजचे दिवे मुद्दाम श्वास घेणारे केलेले असतात. दिव्याच्या पाठीमागें एखाददुसरें छिद्र असतें. कांहीं दिव्यांत त्यावर खालीं वळलेली रबरी नळी असते. ती हवेला वाट देते व पाण्याला चढ दाखविते. आयर्विनच्या कंदिलाची तीच ही युक्ति. कांहीं दिव्यांत त्या छिद्रावर एक पांढरा पापुद्रा डकविलेला असतो. तव्याला अन्न चिकटूं नये म्हणून जें द्रव्य लावतात, त्याचाच तो ताणून केलेला पापुद्रा. हें द्रव्य १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट ह्यांच्या हातून अकल्पितपणें सांपडलें, आणि तें झटक्यानें ताणलें असतां त्यांत असंख्य सूक्ष्म रंध्रें पडतात हें १९६९ सालीं रॉबर्ट गोर ह्यांना दिसून आलें. हीं रंध्रें इतकीं बारीक असतात कीं, पाण्याचा थेंब त्यांतून जाऊं शकत नाहीं. पण हवा व वाफ सहज जातात. कंदिलाच्या कारागिरानें जें काम वळणानें साधलें, तें येथें बारीकपणानें साधलें जातें. हेतु दोहोंचा एकच.

आतां व्यवहाराकडे वळूं. पावसाळ्यांत सकाळीं गाडीच्या दिव्यांत धुकें दिसलें कीं मालक घाबरतो, आणि सिलिकोनची नळी घेऊन जें भोंक दिसेल तें बुजवीत सुटतो. त्यांत श्वासाचें छिद्रहि बुजून जातें. ह्याचा परिणाम काय होतो तें वरच्या हिशोबावरून ध्यानांत येईल. आंतली ओल आंतच कोंडली जाते, दाब कडेवर पडतो, नवी चीर पडते, आणि चार महिन्यांत दिवा पूर्वींहून अधिक ओला होतो. धुकें व पाणी ह्यांतला भेद आधीं ओळखला पाहिजे. पावसाळ्यांतल्या ३० अंशांच्या दमट हवेंत घनमीटरमागें सुमारें ३० ग्रॅम वाफ मावते. तीच हवा २० अंशांपर्यंत निवली कीं १७ ग्रॅमच मावते. बाकीच्या वाफेचें दंव होतें. मोटारीच्या दिव्यांत तीन लिटर हवा असेल, तर हें दंव पुरतें एक थेंबभरहि नसतें. तो एक थेंब भिंगावर पसरतो, म्हणून डोळ्यांना फार वाटतो. दिवा कांहीं वेळ लावला, गाडी थोडी चालली, कीं तो छिद्रावाटे निघून जातो. ह्याला रोग म्हणूं नये. परंतु तळाशीं पाणी सांचून हलूं लागलें, किंवा दिवसामागून दिवस धुकें तसेंच राहिलें, तर कडेचा डिंक सुटला आहे, मागची रबरी टोपी नीट बसलेली नाहीं, अथवा श्वासाचें छिद्र चिखलानें भरलें आहे, असें समजावें. तेव्हां दिवा काढून सुकवावा, छिद्र मोकळें करावें, टोपी तपासावी, सुटलेली कड तेवढीच पुन्हां जोडावी. गाडी धुतांना जोराच्या पाण्याचा झोत भिंगाच्या कडेवर किंवा दिव्याच्या पाठीवर धरूं नये. नव्या एलईडी दिव्यांची उष्णता पाठीमागें निघते व भिंग थंडच राहतें. त्यामुळें त्यांतलें धुकें जायला अधिक वेळ लागतो, हेंहि लक्षांत ठेवावें. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूंच नये. दिवा वांचेल हा लाभ लहान. जीव वांचतो हा मोठा.

कोणी म्हणेल, दिव्यांतल्या चार थेंबांसाठीं एवढा काथ्याकूट कशाला? ह्याचें उत्तर पोहरादेवीच्या रस्त्यावर मिळतें. मानोऱ्याकडून व दिग्रसकडून येणाऱ्या वाटांवर यात्रेच्या दिवसांत पायीं चालणारीं माणसें असतात, कडेवर मुलें घेतलेल्या बाया असतात, बंड्या असतात, आणि त्यांच्या शेजारून जीपगाड्या व फटफट्या धांवत असतात. चैत्र हा कांहीं पावसाचा महिना नव्हे, पण वळवाची सर विचारून येत नाहीं. ओल्या भिंगांतून निघालेला उजेड सरळ जात नाहीं. प्रत्येक थेंब त्याला वेडावांकडा फेंकतो. रस्त्यावर पडावयाचा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि रस्त्याच्या कडेनें चालणारा माणूस हांकणाऱ्याला दिसत नाहीं. शिवाय आंतला चकचकीत मुलामा ओलीनें खराब झाला, कीं ही मंदता कायमची होते. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांत नव्या दुचाकींचा दिवा यंत्र सुरू असेपर्यंत सतत लागलेला राहील अशी योजना सक्तीची झाली. हेतु हा कीं, दुचाकी इतरांना दिसावी. दिवा दुसऱ्याला दिसण्यासाठींहि असतो, हें साट्याखालीं कंदील टांगणाऱ्या गाडीवानाचें शहाणपण कायद्यानें असें पत्करलें. पण कायदा दिवा लावावयास लावील. त्याचें भिंग कोरडें ठेवणें मालकाच्याच हातीं आहे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पोहरादेवी येथें बंजारा समाजाच्या वारशाचें संग्रहालय उघडलें. नगाऱ्याच्या आकाराची ती इमारत दुरूनहि ओळखूं येते. ज्यांचे पूर्वज पावसाळाभर मुक्काम ठोकून बसत, ते आज भर पावसांतहि शेंकडों कोसांवरून रातोरात तेथें येऊन पोंचतात. हें शक्य झालें त्याचें श्रेय रस्त्यांना आहे, यंत्रांना आहे, आणि थोडेंसें त्या कारागिरांनाहि आहे, ज्यांनीं हवेला वाट देऊन पाण्याला अडविलें. आपल्या गाडीच्या दिव्यामागें तें इवलेंसें छिद्र कोठें आहे, हें प्रत्येकानें ह्या आगोटीपूर्वीं एकदां वांकून पाहावें, आणि तें मोकळें आहे कीं नाहीं ह्याची खात्री करून घ्यावी.